मिटलेल्या डोळ्यांआडचा श्वास : घोरणे आणि दृष्टी यांच्या नात्याचा इतिहास

१/
उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर रात्री कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरच्या रांगा लागतात. आपला क्रमांक येईपर्यंत चालक केबिनमध्येच आडवा होतो आणि घटकाभरात घोरू लागतो. ऐकणारा म्हणतो, 'दमला बिचारा, गाढ झोपला आहे.' घोरणे म्हणजे गाढ झोप, ही समजूत शतकानुशतके टिकली. ती खोटी ठरायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. त्या घोरण्याचा डोळ्यांच्या आरोग्याशीही संबंध असतो, हे तर त्याहूनही उशिरा उमगले. त्या उमगण्याचा हा इतिहास.

२/
आधी आजार समजून घेऊ. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही माणसांत ते इतके सैलावतात की श्वासाची वाट पूर्ण बंद होते. छाती श्वास ओढत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा घोरा काढून श्वास पुन्हा सुरू होतो. हा खंड किमान दहा सेकंदांचा असला, तर त्याची गणना होते. तासाला पाच खंडांपर्यंत सामान्य मानतात आणि तीव्र आजारात ते तीसहून अधिक होतात. हाच स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे निद्रेतील श्वासरोध. झोपलेल्याला सकाळी यातले काहीच आठवत नाही. आठवते ते शेजारी जागणाऱ्याला.

३/
प्राचीन वैद्यांच्या नजरेतून हे चित्र अगदीच निसटले नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल देहाची चर्चा आणि निद्रेची चर्चा एकापाठोपाठ येते. सुश्रुतसंहितेत स्थूलतेच्या लक्षणांमध्ये क्षुद्रश्वास, अतिनिद्रा यांच्यासोबत 'क्रथन' असा एक शब्द आहे. श्वास अचानक अडणे, असा त्याचा अर्थ टीकापरंपरेत लावला गेला. त्याच सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांच्या शहात्तर विकारांची गणना आहे. एकाच ग्रंथात दोन्ही विषय आले. मात्र एकाचा दुसऱ्याशी धागा जुळला नाही, आणि रात्री झोपेत काय घडते हे मोजण्याचे साधन हाती नसताना तो जुळणे शक्यही नव्हते.

४/
लोकमानसात तर घोरणे थट्टेचाच विषय राहिले. रामायणातील कुंभकर्ण ढोल-नगाऱ्यांनीही जागा होत नाही आणि आजही मराठी घरांत 'कुंभकर्णी झोप' हा शब्द हसत हसत वापरला जातो. दिवसा डुलक्या घेणारा माणूस आळशी, ऐदी, सुखवस्तू ठरतो. हा केवळ भाषेचा प्रश्न नाही. ज्या लक्षणाला समाज हसतो, ते लक्षण घेऊन माणूस वैद्याकडे जात नाही. पुढे या आजाराचे निदान इतके लांबले, त्याला हे हसणेही कारणीभूत होते.

५/
आधुनिक वैद्यकाला या आजाराचे पहिले नाव मिळाले तेही एका विनोदी कादंबरीतून. चार्ल्स डिकन्स यांची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी १८३६ ते १८३७ या काळात हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली. तीत जो नावाचा एक लठ्ठ नोकर आहे. तो उभ्या उभ्या झोपतो, काम करता करता घोरतो. वाचक हसले. डिकन्स यांनी रेखाटलेले लक्षणचित्र किती अचूक होते, हे डॉक्टरांना पुरते कळायला शंभरहून अधिक वर्षे लागली.

६/
१९५६ साली अमेरिकेत बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्थूल व्यावसायिकाची हकिगत प्रसिद्ध केली. गृहस्थ पत्ते खेळायला बसले होते. हातात तीन एक्के आणि दोन राजे, म्हणजे जवळपास हमखास जिंकणारा डाव. पण पाने हातातच राहिली आणि त्यांना झोप लागली. डाव गेला आणि ते रुग्णालयात दाखल झाले. डॉक्टरांनी या अवस्थेला 'पिकविकियन सिंड्रोम' असे नाव दिले. दिवसा येणाऱ्या झोपेचे खापर मात्र त्यांनी रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडवर फोडले. रात्री काय घडते, हे त्यांनी पाहिलेच नव्हते.

७/
रात्रीचे दार उघडले ते डोळ्यांनी. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की हा विद्यार्थी नॅथॅनिएल क्लाइटमन यांच्या हाताखाली झोपेचा अभ्यास करत होता. त्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवती इलेक्ट्रोड लावून रात्रभर नोंदी घेतल्या. मिटलेल्या पापण्यांआड बुबुळे मधूनमधून वेगाने हलत होती. १९५३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि झोपेच्या या टप्प्याला 'जलद नेत्रचलन' निद्रा म्हणू लागले. झोप म्हणजे एकसंध अंधार नव्हे, तिलाही टप्पे आहेत, हे जगाला कळले. आजही झोपेच्या तपासणीत डोळ्यांजवळ इलेक्ट्रोड लावतात, ते त्या नोंदींचेच वारस.

८/
हा शोध श्वासरोधाच्या दृष्टीनेही मोलाचा होता. जलद नेत्रचलनाच्या टप्प्यात शरीराचे स्नायू सर्वाधिक सैल असतात आणि म्हणूनच अनेक रुग्णांत श्वासाचे खंड याच टप्प्यात सर्वांत लांबतात. हा टप्पा पहाटेकडे वाढत जातो. रात्र सरताना, जागे होण्याच्या थोडे आधी, रक्तातील प्राणवायूची घसरण सर्वांत खोल असू शकते. पहाटेची ही वेळ या कथेत पुन्हा येणार आहे.

९/
१९६५ साली युरोपात दोन ठिकाणी एकाच वेळी कोडे सुटले. फ्रान्समधील मार्सेय येथे गास्तो आणि सहकाऱ्यांनी, तर जर्मनीत युंग आणि कूलो यांनी, पिकविकियन रुग्णांची झोप रात्रभर मोजली. श्वास वारंवार थांबत होता आणि प्रत्येक वेळी मेंदूला जागे व्हावे लागत होते. दिवसाची झोप ही रात्रीच्या मोडलेल्या झोपेची थकबाकी होती. पुढे कूलो यांनी श्वासनलिकेला गळ्यातून छिद्र पाडून घशाचा अडथळा टाळला आणि रुग्ण ताजातवाना झाला. उपाय अघोरी होता, पण कारण सिद्ध झाले.

१०/
इटलीतील बोलोन्या येथे लुगारेसी यांनी हे काम पुढे नेले, तर अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे ख्रिस्तियाँ गिलमिनो यांनी १९७६ साली 'स्लीप अ‍ॅप्निया सिंड्रोम' ही संज्ञा रूढ केली. आजार केवळ लठ्ठ माणसांचा नाही, हेही तेव्हा पुढे आले. अरुंद जबडा, मागे गेलेली हनुवटी, वाढलेले टॉन्सिल एवढेही पुरते. कादंबरीतल्या जोच्या देहावर खिळलेली नजर घशाकडे वळली.

११/
मग आले १९८१ हे वर्ष. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे कॉलिन सुलिवन यांनी नाकावाटे सतत दाबाखाली हवा सोडून घसा उघडा ठेवण्याची युक्ती पाच रुग्णांवर यशस्वी झाल्याचे जाहीर केले. हवा फुंकण्यासाठी व्हॅक्यूम क्लीनरचे तंत्र उलटे वापरले होते आणि मुखवटा चेहऱ्यावर चिकटवावा लागे. आज घराघरांत वापरले जाणारे सीपॅप यंत्र त्यातूनच जन्मले. गळ्याला छिद्र न पाडता माणूस रात्रभर श्वास घेऊ लागला.

१२/
त्याच १९८१ साली अमेरिकेत कल्बर्टसन आणि ऑस्लर या नेत्रवैद्यांनी अकरा स्थूल पुरुषांचे विचित्र दुखणे नोंदवले. डोळे सतत लाल, चिकट स्राव, औषधांना दाद नाही. वरची पापणी रबरासारखी सैल आणि बोटाच्या किंचित स्पर्शाने उलटी होणारी. झोपेत ही पापणी उशीवर घासून उलटते आणि डोळा रात्रभर उघडा पडतो. त्यांनी या अवस्थेला 'फ्लॉपी आयलिड', म्हणजे शिथिल पापणीचा विकार, असे नाव दिले. घसा पाहणारे आणि पापणी पाहणारे, दोघेही बहुधा एकाच प्रकारच्या माणसाकडे पाहत होते. पण एकमेकांचे लेखन वाचायला अजून अवकाश होता.

१३/
ही गाठ १९९०च्या सुमारास पडली. शिथिल पापणीच्या रुग्णांना झोपेबद्दल विचारले, तर बहुतेक घोरणारे निघाले. झोप मोजली, तर श्वासरोध सापडला. मेलबर्नचे नेत्रवैद्य मॅकनॅब यांनी १९९७ साली या नात्यावर भर दिला. पापणीला ताठरपणा देणारे लवचीक तंतू या रुग्णांत कमी झालेले आढळतात. माणूस ज्या कुशीवर अधिक झोपतो, त्या बाजूची पापणी बहुधा अधिक बिघडते. श्वासरोधावर उपचार झाल्यावर डोळ्यांची लाली कमी झाल्याचीही उदाहरणे नोंदली गेली. पुढे शिथिल पापणी दिसली की झोपेबद्दल विचारावे, असा पाठच नेत्रवैद्यकात रुजला.

१४/
पापणी हे बाहेरचे दार. खरा धोका आत होता. १९८२ साली कॅनडातील वॉल्श आणि माँप्लेझीर यांनी एका कुटुंबाची नोंद प्रसिद्ध केली. त्या घराच्या दोन पिढ्यांत काचबिंदू आणि निद्रेतील श्वासरोध सोबत दिसत होते. हा एखादा नवा आनुवंशिक विकार तर नव्हे, असा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला होता. उत्तराची दिशा अखेर वेगळी निघाली, पण काचबिंदू आणि झोप हे दोन शब्द एका ओळीत आले ते असे.

१५/
काचबिंदूचे स्वरूप येथे पाहायला हवे. १८५१ साली हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र प्रसिद्ध केले आणि डोळ्यामागची दृष्टिचेता जिवंत माणसात प्रथमच दिसू लागली. काचबिंदूत ही चेता हळूहळू झिजते. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते आणि शस्त्रक्रियेने ते बदलता येते. काचबिंदूत गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. हानी कडेपासून सुरू होते, त्यामुळे समोरचे नीट दिसत असते आणि माणूस गाफील राहतो. डोळ्यातील वाढलेला दाब हे त्याचे प्रमुख कारण. पण काहींत दाब सामान्य असूनही चेता झिजते. मग प्रश्न उरतो : दाब नाही, तर दुसरे काय?

१६/
एक संभाव्य उत्तर रक्तपुरवठ्यात होते. दृष्टिचेतेच्या मुखाशी अत्यंत बारीक रक्तवाहिन्या असतात. रात्री शेकडो वेळा प्राणवायू घटला आणि प्रत्येक वेळी रक्तदाब उसळला, तर त्या वाहिन्यांचे काय होईल? स्वित्झर्लंडमधील मोजोन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली श्वासरोध असलेल्या ६९ रुग्णांचे डोळे तपासले. पाच जणांना, म्हणजे ७.२ टक्के रुग्णांना, काचबिंदू होता. सर्वसाधारण लोकसंख्येत अपेक्षित प्रमाण सुमारे दोन टक्के होते. संख्या लहान होती, पण प्रश्न आता एका कुटुंबापुरता राहिला नाही.

१७/
२००२ साली याच गटाने दुसऱ्या विकाराकडे लक्ष वेधले. काही माणसे सकाळी उठतात आणि एका डोळ्याने अर्धे दिसेनासे झालेले असते. वेदना नसते. दृष्टिचेतेच्या मुखाचा रक्तपुरवठा अचानक तुटल्याने हा एक प्रकारचा 'डोळ्याचा झटका' येतो. अशा १७ रुग्णांची झोप तपासली, तेव्हा १२ जणांत श्वासरोध आढळला. तुलनेसाठी घेतलेल्या गटात तीन जणांत. हा विकार बहुधा जागे होतानाच ध्यानात येतो, ही बाब आधीपासून ठाऊक होती. प्राणवायूची खोल घसरणही पहाटेचीच. वेळ जुळत होती.

१८/
तरीही इतिहासाने येथे सावध राहायला शिकवले आहे. श्वासरोध आणि काचबिंदू यांचे नाते पुढील सर्वच अभ्यासांत सारख्या ताकदीने दिसले नाही. दोन गोष्टी सोबत आढळणे म्हणजे एकीमुळे दुसरी होणे नव्हे. स्थूलता, मधुमेह, रक्तदाब हे दोहोंचे समान सोबती आहेत. उपचाराचीही दुसरी बाजू आहे. मुखवट्यातून हवा गळून डोळ्यांकडे गेली की डोळे कोरडे पडतात. २००८ साली एका अभ्यासात सीपॅप चालू असताना डोळ्यातील दाब थोडा वाढतो, असेही दिसले. म्हणून यंत्र टाकून द्यायचे नसते. मुखवटा नीट बसवायचा असतो आणि काचबिंदू असल्यास नेत्रवैद्याला यंत्राविषयी सांगायचे असते.

१९/
हा सारा इतिहास पाश्चात्त्य प्रयोगशाळांचाच वाटेल. पण उरणच्या समोर, खाडीपलीकडच्या मुंबईत, त्यातले एक महत्त्वाचे पान लिहिले गेले. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या निरोगी समजल्या जाणाऱ्या पुरुषांचा अभ्यास केला. ते आजारी म्हणून आले नव्हते, नेहमीच्या आरोग्यतपासणीला आले होते. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : १९.५ टक्के पुरुषांत झोपेतील श्वास बिघडलेला होता आणि दिवसा झोप येण्याच्या लक्षणासह पूर्ण आजार ७.५ टक्के पुरुषांत होता. श्वासरोध हा श्रीमंत पाश्चात्त्यांचा रोग, हा समज मुंबईतच मोडला. त्या अभ्यासात स्त्रिया नव्हत्या. बाईचे घोरणे तर घरातही बोलले जात नाही.

२०/
डोळ्यांच्या बाबतीत भारताची कामगिरी जुनी आणि मोठी आहे. १९७६ साली देशाने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. गावोगावच्या नेत्रशिबिरांनी मोतीबिंदूच्या असंख्य रुग्णांना दृष्टी दिली. पण शिबिराची रांग भिंगासाठी असते. भिंग पाहून पुढे पाठवले जाते. दृष्टिचेता नीट पाहायला बाहुली मोठी करावी लागते, वेळ लागतो. आणि 'झोप कशी लागते?' हा प्रश्न त्या रांगेत कोण विचारणार? १९७६ हेच श्वासरोधाला नाव मिळण्याचेही वर्ष. दोन्ही प्रवाह एकाच वर्षी पुढे सरकले आणि एकमेकांना न भेटता गेले.

२१/
उरणच्या इतिहासात असाच एक योग १९८९ साली आहे. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील बंदराचे उद्घाटन झाले. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, १ जुलैला, १९८८चा मोटार वाहन कायदा देशभर लागू झाला. त्यासोबतच्या नियमांतील नमुना १-अ मध्ये डॉक्टरने चालकाची दूरची नजर, रंगांची ओळख, रातांधळेपणा आणि ऐकणे तपासायचे असते. घोरणे किंवा झोपेतील श्वास यांचा स्वतंत्र प्रश्न त्यात नव्हता. कायद्याने डोळा उघडा आहे का हे पाहिले. तो चाकामागे मिटण्याचे कारण विचारले नाही.

२२/
बंदरापूर्वीचे उरण भातशेतीचे, मिठागरांचे, करंजा आणि मोरा येथील मासेमारीचे. कोळ्याची झोप भरती-ओहोटी ठरवत असे, मिठागरातल्या आगऱ्याची ऊन. १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या लढ्यात पाच जणांनी प्राण दिले. त्यानंतरच्या पिढ्यांपैकी अनेक जण गोदामे, क्रेन, ट्रेलर आणि पाळ्यांच्या नोकऱ्यांकडे वळले. अंगमेहनत कमी, बसणे अधिक आणि रात्रपाळी नेहमीची. वाढते वजन, मधुमेह, रक्तदाब आणि अपुरी झोप यांना एकत्र आणणारी ही जीवनरीत आहे. यातला प्रत्येक घटक डोळ्याच्या बारीक रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतो.

२३/
१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि उरणपर्यंतची लोकलही त्याच दिवशी सुरू झाली. एके काळी मोरा बंदरातून लाँचने भाऊचा धक्का गाठून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जावे लागे. आता अंतर मिटले. उरले आहे ते ओळखीचे अंतर : घशाचा डॉक्टर, डोळ्याचा डॉक्टर आणि घरात रात्री जागणारे माणूस या तिघांमधले.

२४/
या इतिहासातून हाती येणारे शहाणपण साधे आहे. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबून दचकून उठणे, सकाळी डोके जड, दिवसा डुलक्या, एवढे एकत्र दिसले तर झोपेची तपासणी करून घ्यावी. श्वासरोधाचे निदान झाले असेल, तर नेत्रवैद्याकडून दृष्टिचेता तपासून घ्यावी. सकाळी उठल्यावर डोळे रोज लाल असतील, पापणी सैल वाटत असेल किंवा दाब सामान्य असूनही काचबिंदू निघाला असेल, तर झोपेचा विषय आपणहून काढावा. उठताच एका डोळ्याचे दिसणे कमी झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

२५/
डिकन्सच्या जोला वाचक हसले, पत्त्यांच्या डावावर झोपलेल्या गृहस्थाला त्यांचे सोबती हसले असतील आणि केबिनमध्ये घोरणाऱ्या चालकाला रांगेतले लोक आजही हसतात. या आजाराचा पहिला साक्षीदार कोणतेही यंत्र नव्हते. रात्री जागे राहून शेजारच्याचा थांबलेला श्वास मोजणारी पत्नी, आई किंवा मुलगा हेच ते साक्षीदार. त्यांची साक्ष वैद्यकाने फार उशिरा ऐकली. उरणमधल्या एखाद्या घरात आज रात्री तसा श्वास थांबला, तर सकाळी ते हसण्यावारी न नेता बोलून दाखवावे. घशाची वाट वेळेवर मोकळी झाली, तर दिवसाची झोप जाईल, चाकामागचा डोळा जागा राहील आणि त्या डोळ्याची तपासणीही वेळेत होईल.

(समाप्त)